शब्दांची हजेरी

हे लिहायला घेताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता. परक्या भाषेतला कठीण शब्द माणसाच्या डोक्यात कायमचा कशाने बसतो? घोकल्याने, लिहून काढल्याने, वाचनात पुन्हा पुन्हा भेटल्याने, की दुखावले गेल्याने? मी पुढे आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले आणि पहिल्या तीन उत्तरांच्या बाजूने पुष्कळ बोलले. चौथे उत्तर वर्गात कधी उच्चारले नाही. पण माझ्याजवळ असलेला सगळ्यात भक्कम पुरावा त्या चौथ्याच्याच बाजूचा आहे. तो जसा आहे तसा मांडते.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. पुसदला आमची मॅट्रिकची परीक्षा संपली होती आणि निकाल लागायचा होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सगळे विषय इंग्रजीतून शिकवत, म्हणून ते कॉलेज नुसत्या मॅट्रिकच्या गुणांवर मुलांना घेत नसे. जून महिन्यात ते आपली वेगळी प्रवेशपरीक्षा घेई. तीत इंग्रजीचे श्रुतलेखन असे, शब्दार्थ असत आणि एक निबंध असे. जी मुले वर येत त्यांना वसतिगृहात राहण्या-जेवणाची जागा मोफत मिळे. आमच्यासारख्या गावातल्या मुलांच्या घरी वसतिगृहाचा खर्च झेपण्यासारखा होता, म्हणून आम्हाला तिचे महत्त्व बेताचेच होते. एकाला मात्र तिच्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत शाळेत येई. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेत असत. रेल्वे आली, तो धंदा बसला, आणि तांड्यातली माणसे शेती करू लागली. घरात तो बंजाऱ्यांची गोरबोली बोले, रस्त्यावर वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी, आणि या तिन्हींच्या वर त्याने इंग्रजी चढवली होती. ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती. त्याच्या बापाने त्याला एकदा शाळेच्या फाटकाशी, आम्ही ऐकत असताना, सांगितले होते: "फुकटची जागा भेटली तं जाय बापा, म्या कायले अडवू? नाही भेटली तं काकासंगं राजूरले जा लागते." काका राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला होता. मुलगा "हो बा" म्हणाला आणि बापाच्या हातातले बैलाचे दोर सोडवायला वाकला. तेव्हा आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होते: परीक्षेत वर आला तर कॉलेज, नाही तर खाण.

त्या उन्हाळ्यात आमच्या इंग्रजीच्या सरांनी सकाळचा जादा वर्ग काढला. सर विद्वान होते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी त्या कॉलेजच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या होत्या, त्यांतले कठीण शब्द वेचून काढले होते, आणि ते शिकवण्याची स्वतःची पद्धत बसवली होती. "शब्द वहीत राहत नाही," ते म्हणत. "वही घरी विसरते. शब्द अंगावर राहिला पाहिजे." म्हणून प्रत्येक मुलाला एक शब्द नेमून दिला जाई आणि वर्ग संपेपर्यंत तेच त्याचे नाव. हजेरी त्या नावांनी होई. सरांनी शब्द पुकारला की त्याच्या धन्याने ताडकन उठायचे, "येस सर" म्हणायचे, आणि शब्दाचा अर्थ मोठ्याने इंग्रजीत सांगून बसायचे. पुढे धडा वाचताना मध्येच कुठे तो शब्द आला, तरीही उठायचे. उठायला उशीर झाला तर रूळ त्याच्या एकट्याच्या बोटांवर पडत नसे, सबंध बाकाच्या बोटांवर पडे. त्यामुळे शेजारीच आपल्या शेजाऱ्याला कोपराने, ढोपराने, बुटाच्या टाचेने उठवायला शिकले.

शब्द चिठ्ठ्या टाकून वाटता आले असते. सरांनी ते तोंडे पाहून वाटले.

मला त्यांनी विचारले, "भावंडं किती?"

"चार बहिणी, सर."

"तू कितवी?"

"शेवटची."

"भाऊ?"

"नाही, सर."

"सुपरफ्लुअस," ते म्हणाले, आणि फळ्यावर शब्द लिहून त्याचा अर्थ सांगितला: गरजेपेक्षा जास्त असलेले, वगळले तरी चालेल असे. मग माझ्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "विसरणार नाहीस तू."

घरी मी आईला हे सांगितले. मला वाटले होते, ती रागावेल, निदान सरांना नाव ठेवील. ती मिरच्यांची देठे मोडत होती. तिने अर्थ पुन्हा एकदा विचारून घेतला आणि म्हणाली, "मंग खोटं काय सांगतलं त्यायनं?" त्यानंतर काही दिवस माझ्या बहिणी ताटे मांडताना एक ताट कमी मांडत आणि हसत. शब्द मला पहिल्याच दिवशी पाठ झाला होता. ही नोंद मी प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची मानते.

एका मुलाच्या वडिलांचे मोटारी दुरुस्त करायचे दुकान होते. तो सकाळी दुकान झाडून, नट-बोल्ट पुसून वर्गाला येई, आणि नखांतले काळे ऑइल काही जात नसे. त्याला 'स्क्वॉलिड' मिळाला, म्हणजे घाणेरडा, मळकट. त्याने तो हसण्यावारी नेला. मधल्या सुट्टीत तो हात वर करून ओरडे, "दूर रहो भाई, दूर! स्क्वॉलिड आ रहा है, धोती सम्हालो!" मुले खिदळत. पण मला एकदा तो शाळेच्या विहिरीवर दिसला होता. विटेच्या तुकड्याने नखे घासत होता, बोटांच्या कडा सोलून निघाल्या होत्या.

तांड्यावरच्या मुलाची पाळी आली तेव्हा सरांनी त्याला घर कुठे म्हणून विचारले. त्याने तांड्याचे नाव सांगितले.

"आणि तांड्याच्या आधी?"

"आधी फिरत होतो, सर. म्हणजे आजोबांचे आजोबा."

"म्हणजे घर नव्हतं."

"आता आहे, सर. शेत आहे. विहीर पण बांधली."

"आताचं कोणी विचारलं?" सर म्हणाले. "व्हेग्रंट." त्यांनी अर्थ फळ्यावर लिहिला: ज्याला घर नाही, कामधंदा नाही, असा उनाड भटक्या.

मुलगा उभाच राहिला. शब्दकोश त्याच्याजवळ नव्हता, पण फळ्यावरचा अर्थ त्याने नीट वाचला होता. तो म्हणाला, "सर, हा शब्द आम्हाला लागू होत नाही. आमचे लोक फिरत होते ते कामासाठीच. माल नेत होते. पोचवायचं ठिकाण ठरलेलं होतं. धंदा नाही असा माणूस..."

"बोटं पुढे कर."

सरांनी रूळ मारला, आणि मग त्याच्या बाकावरच्या सगळ्यांना मारला. "मी तुझी वंशावळ शिकवत नाही, शब्द शिकवतो," ते म्हणाले. "परीक्षेत तुला कोणी विचारणार नाही की तुझ्या आज्याच्या बैलावर काय होतं. अर्थ सांग."

त्याने अर्थ सांगितला. "वन विदाउट होम ऑर वर्क, सर."

"मोठ्यानं."

त्याने मोठ्याने सांगितला.

मोटारवाल्याचा मुलगा त्याच्याच बाकावर होता. आपल्या वाटचा मार त्याने विनाकारण खाल्ला होता, आणि ते तो विसरला नाही. त्या दिवसापासून सर एखाद्या धड्यात त्या शब्दाच्या आसपास जरी पोचले, तरी तो बाकाखालून टाच हाणे. "उठ ना बे! काहून बसून राह्यला? तुझ्यापायी पुन्हा माही बोटं फोडतं का?" कधी कधी शब्द आलेलाच नसे, तरी हाणे, आणि हा उठून "येस सर" म्हणून जाई, आणि वर्ग हसून लोळे. सर त्या वेळी रागावत नसत. ते समाधानाने मान हलवत. दोन-तीन आठवड्यांत अशी स्थिती आली की टाच लागायच्या आत तो उभा असे. शब्दाचा पहिला ध्वनी सरांच्या ओठांवर येताच तो उठलेला असे. सर आम्हाला म्हणत, "बघा. याला म्हणतात पाठ होणं."

वर्गाबाहेरही हे चाले. बाजारच्या दिवशी त्याची याडी, म्हणजे आई, काचांच्या तुकड्यांनी मढवलेला घागरा घालून ज्वारी विकायला बसली होती. तिच्यापुढून जाताना मुलांनी तो शब्द एका सुरात म्हटला. तिच्या शेजारी मापाची पायली धरून उभा असलेला मुलगा आणखी कुठे उठणार? त्याने पायली खाली ठेवली आणि हात मांडीला चिकटवून सरळ झाला. आईने त्याला आपल्या भाषेत काही विचारले. त्याने मान हलवली आणि पुन्हा पायली उचलली. आम्ही मुली थोड्या अंतरावर उभ्या होतो. आमच्यातलीही एक हसली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी मोटारीत बसून गेलो. कॉलेजच्या लांबोळ्या दालनात निरनिराळ्या गावांची मुले एकाआड एक बसवली होती. मला त्याची पाठ दिसत होती. त्याने डोक्याला तेल लावले होते आणि सदऱ्याची इस्त्री तांब्याने केलेली कळत होती. मोटारवाल्याचा मुलगा फार मागे होता. म्हणजे त्या दिवशी त्याला टाच मारणारे जवळ कोणी नव्हते.

एक वयस्कर प्राध्यापक मधल्या मोकळ्या जागेतून फिरत श्रुतलेखनाचा उतारा वाचू लागले. आधी त्यांनी नियम सांगितला होता: कोणी बोलायचे नाही, कोणाला काही दाखवायचे नाही, जो बोलेल त्याचा पेपर काढून घेतला जाईल. उतारा एका बागेविषयी होता. बागेला फाटक होते, फाटकावर वेल होती, आणि सकाळच्या वेळी त्या फाटकाशी एक भटक्या बसलेला होता. तो इंग्रजी शब्द प्राध्यापकांनी स्वच्छ, सावकाश उच्चारला, मुलांना लिहायला सोपे जावे म्हणून.

तो उठला. "येस सर," म्हणाला. आणि मग, सबंध दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात, अर्थ सांगितला.

तो सवयीने खाली बसायला लागला आणि तेव्हाच त्याच्या ध्यानात आले असावे, कारण तो अर्धा वाकलेला तसाच थांबला. दुसरा प्रश्न शब्दार्थांचा होता, आणि छापील यादीत तोही शब्द होता. माझ्या उजवीकडच्या परगावच्या मुलाने पान उलटले, यादी पाहिली आणि झपाट्याने लिहून टाकले. पुढच्या रांगेतही पाने उलटल्याचे ऐकू आले.

प्राध्यापक त्याच्याजवळ गेले. "हे काय?"

"सर, नाव पुकारलं."

"कोणाचं?"

"माझं, सर."

प्राध्यापकांनी मेजावरचा कागद उचलून पाहिला. "तुझं नाव हे नाही."

"नाही, सर."

"मग?"

सांगायचे म्हटले तर त्याला सगळा उन्हाळा सांगावा लागला असता, आणि तो सांगायला बोलण्याची परवानगी नव्हती. मागून कोणीतरी फिस्सकन हसले. त्या हसण्याने प्राध्यापकांची खात्री पटली की हे आधी ठरवून केलेले आहे, एकाने अर्थ ओरडायचा आणि बाकीच्यांनी लिहायचा. त्यांनी पेपर घेतला, त्यावर तिरपी रेघ मारली आणि दाराकडे बोट दाखवले. जाताना त्याने दौत उलटू नये म्हणून आधी बूच नीट लावले. मग उतारा पुढे सुरू झाला. माझा शब्द त्या दिवशी आला नाही. आला असता तर मी उठले असते की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

परतीच्या मोटारीत मुलांनी त्याला सोडले नाही. "काय बे, पुऱ्या हॉलले अर्थ वाटून आला! दानशूर!" मोटारवाल्याचा मुलगा मात्र खिडकीतून बाहेर पाहत होता. पुसद जवळ आल्यावर तो एवढेच म्हणाला, "मैंने तो इस बार लात मारी नहीं थी."

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला शाळेत बोलावून घेतले. प्रश्नपत्रिका हातात घेऊन ते आपल्या यादीतल्या शब्दांवर एकेक खूण करत गेले. पुष्कळ शब्द आले होते. सरांना एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते. मग कोणीतरी दालनात घडलेले सांगितले. सरांनी ऐकून घेतले आणि त्या मुलाकडे पाहिले.

"अर्थ बरोबर सांगितलास?"

"हो, सर."

"अडखळला नाहीस?"

"नाही, सर."

"मग शब्द पक्का झाला होता," सर म्हणाले. "माझं काम तेवढंच. कुठं उठावं आणि कुठं उठू नये, ही अक्कल घरून आणायची असते. ती तांड्यावर कोण देणार?" आणि ते पुढच्या शब्दाकडे वळले.

मॅट्रिकच्या निकालात तो मुलगा इंग्रजीत शाळेत पहिला आला. तोवर तो राजूरला गेला होता.

आता पडताळ्याचा भाग. मी शिक्षिका झाले, साठच्या दशकात वणीला माझी नेमणूक झाली, आणि सुट्टीत पुसदला गेले की त्या वर्गातल्या ज्या कोणाची भेट होई त्याला मी विचारी: त्या उन्हाळ्यातले कोणते शब्द आठवतात? फळ्यावर शेकड्यांनी शब्द लिहिले गेले होते. त्यांतले बहुतेक शब्द सगळेच विसरले होते. प्रत्येकाला आपला शब्द आठवत होता, आणि दुसऱ्यांचेही, पण तेवढेच ज्यांवर आपण हसलो होतो. मोटारवाल्याचा मुलगा आता स्वतः दुकान चालवत होता. त्याने बोनेटखालून डोके बाहेर काढून सांगितले, "बाकी सब धुल गया, बहेनजी. मेरावाला याद है." मग, अगदी आपलेपणाने, तो म्हणाला, "आपकावाला भी याद है."

त्याच काळात पटनोंदणीसाठी मला राजूरला खाणकामगारांच्या चाळींतून फिरावे लागे. एका सकाळी खाणीच्या फाटकाशी मी त्याला पाहिले. पाळी संपवून माणसे बाहेर येत होती. कोळशाने सगळ्यांचे चेहरे सारखे झाले होते, पण उभे राहण्याच्या तऱ्हेवरून मी त्याला ओळखले. तेवढ्यात एक साहेब बाहेर आले. परप्रांतातून नवे आलेले होते. त्यांना कोठारात इंग्रजी चिठ्ठ्या वाचून सामान देणारा माणूस हवा होता. ते काम खाणीत उतरण्याचे नव्हते, जमिनीवरचे होते. त्यांनी घोळक्याला विचारले, "अंग्रेज़ी किसको आती है?"

मी त्याच्याकडे पाहिले. तो पायांकडे पाहत होता. मी पुढे होऊन म्हटले, "साहेब, यांना येते. उत्तम येते. आम्ही एका वर्गात होतो."

साहेबांनी त्याला विचारले. तो म्हणाला, "नहीं साहब. बाई को कोई दूसरा याद आया होगा."

साहेब आत गेले. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, असे का केलेस. तो माझ्या हातातल्या नोंदवहीकडे पाहून म्हणाला, "पोरायचे नावं लिहून राह्यल्या का, बाई? माह्या पोरीचं लिहा. सहावं लागलं तिले." त्याने मुलीचे नाव सांगितले, आईचे सांगितले, आणि मग विचारले, "इंग्रजी कधीपासून हाय आता?"

"पाचवीपासून."

तो म्हणाला, "तं मंग चौथीपर्यंत येईन पोरगी." आणि चाळीकडे चालू लागला.

मी त्याच्या घरी दोनदा गेले. त्याच्या बायकोशी बोलले, मुलीला जवळ घेतले, माझ्या वर्गात रूळ नाही हे सांगितले. मुलगी हुशार होती. चौथी झाल्यावर तिचे नाव त्यांनी शाळेतून काढून घेतले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते, आणि ते मला आवडत नसले तरी बदलता येत नाही: अपमानाने शिकवलेला शब्द विसरत नाही. घोकलेले गेले, लिहून काढलेले गेले, तो राहिला. पण मी प्रश्न फक्त शब्द राहतो की नाही एवढाच विचारला होता. शब्द राहिल्यावर भाषा राहते की जाते, हे मी आधी विचारायला हवे होते, असे मला आता वाटते. त्या वर्गातली जी माणसे मला भेटली, त्यांच्यापैकी आपला शब्द विसरलेले कोणी नव्हते. आणि आपणहून इंग्रजी वाचणारे, माझ्याखेरीज, मला कोणी आढळले नाही.

हा पुरावा एका वर्गाचा आणि थोड्या माणसांचा आहे. एवढ्यावरून नियम करणे योग्य नाही. वाचकांनी आपल्या ओळखीच्या पाच-सहा वडीलधाऱ्या माणसांना विचारावे, की शाळेत शिकलेला परक्या भाषेतला कोणता कठीण शब्द त्यांना अजून आठवतो, तो त्यांना कसा शिकवला गेला, आणि त्या भाषेत त्यांनी पुढे काय वाचले. मिळालेली उत्तरे माझ्या म्हणण्याशी ताडून पाहावीत. कृपया माझ्या शब्दावर विसंबू नये. स्वतः पडताळून घ्यावे.